विमानाचा सांधा



युनियनच्या माणसाला व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो पगारवाढ, बोनस आणि संप यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते आणि ती वाजवीच आहे. यंदा मी चालकांना विषय कळवला तो मात्र मुलांच्या मॉडेल विमानांचा आणि ती ज्या चिकट राळेने जोडतात तिच्या इतिहासाचा. चालकांनी दोनदा फोन करून खात्री करून घेतली. त्यांना वाटले असेल, मनुष्य आता थकला. तसे काही नाही. विमान यंत्राच्या आणि पंखांच्या जोरावर उडते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण तो पंख धडाला धरून राहतो कशाने, हे कोणी सहसा विचारत नाही. विमाने ज्यांनी उडवली त्यांची चरित्रे आहेत, ज्यांनी कल्पिली त्यांची आहेत. सांधे ज्यांनी जोडले त्यांच्याविषयी वाचायला बसलो तेव्हा हाती फार थोडे लागले. जेवढे लागले तेवढे आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम एक समजूत दूर करू. मॉडेल विमान ही मोठ्या विमानाची नक्कल, असे आपण धरून चालतो. इतिहासात क्रम उलटा आहे. राइट बंधू यंत्राच्या विमानात बसून उडाले ते १९०३ साली. त्याच्या बत्तीस वर्षे आधी, १८७१ च्या ऑगस्टमध्ये, पॅरिसच्या त्युइलरी बागेत आल्फाँस पेनो नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने रबराच्या पिळावर चालणारे छोटे विमान लोकांसमोर उडवून दाखवले. ते सुमारे अकरा सेकंद हवेत राहिले आणि चाळीस मीटर गेले. पेनोला कंबरेच्या सांध्याचा विकार होता, त्यामुळे नौदलाची वाट त्याला बंद झाली होती. मोठे विमान बांधायला पैसा मिळाला नाही आणि १८८० साली, तिशीतच, त्याने आपले आयुष्य संपवले. पण त्याच्या धर्तीचे एक उडते खेळणे, बूच, बांबू, कागद आणि रबर यांचे, अमेरिकेतल्या एका पाद्र्याने १८७८ साली आपल्या मुलांसाठी घरी आणले. ते मुलांनी मोडेपर्यंत उडवले आणि मोडल्यावर तसेच दुसरे स्वतः केले. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. तेव्हा मोडलेले खेळणे जोडत बसलेल्या पोरावर वेळ फुकट घालवतो म्हणून ओरडण्यापूर्वी पालकांनी थोडे थांबावे, एवढीच विनंती.

पहिली विमाने लाकूड, कापड आणि तार यांची. लाकडाला लाकूड जोडायचे ते सुतार जोडतात तसेच. आपल्याकडच्या जुन्या सुताराच्या पेटीजवळ सरसाचे भांडे असे. जनावरांची कातडी आणि हाडे उकळून केलेला तो सरस गरम करून लावायचा. पलंगाला आणि कपाटाला तो उत्तम. पण पाणी लागले की सुटतो, आणि विमान तर ढगांतून जायचे. म्हणून पहिल्या महायुद्धाच्या काळात दुधापासून केलेला सरस पुढे आला. दूध नासवून जो चोथा मिळतो तो वाळवून, दळून, त्यात चुना मिसळला की एक घट्ट लापशी होते. तिला केसीनचा सरस म्हणतात. अमेरिकेत मॅडिसनच्या वनउत्पादन प्रयोगशाळेत या सरसावर आणि गुरांच्या रक्तापासून केलेल्या दुसऱ्या एका सरसावर त्या युद्धात पुष्कळ काम झाले. म्हणजे गवळी आणि खाटीक हे दोघेही त्या काळी विमानाच्या धंद्यात होते म्हणा ना! केसीन ओलीला सरसापेक्षा बरे टिके. पण ते दुधाचे पोर; दमट हवेत त्याला बुरशी धरायचीच.

इथे नॉर्मन डी ब्राइन याचे नाव घ्यावे लागते. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचा हा फेलो स्वतः विमान बांधायला निघाला आणि १९३४ साली त्याने 'स्नार्क' नावाचे चार माणसांचे लाकडी विमान बांधलेही. पण बांधता बांधता त्याचे लक्ष विमानावरून सरसावर गेले. केंब्रिजजवळच्या डक्सफर्ड येथे त्याची 'एअरो रिसर्च लिमिटेड' ही कंपनी होती. तिथे १९३७ साली त्याने युरिया आणि फॉर्माल्डिहाइड यांपासून 'एअरोलाइट' हा सरस काढला. तो वापरण्याची रीत पाहण्यासारखी होती. एका फळीवर सरस लावायचा, दुसऱ्या फळीवर पातळ आम्ल. दोन फळ्या एकमेकींवर दाबल्या की दोन द्रव्यांची भेट होऊन जोड कठीण व्हायचा. बुरशीला त्यात खाण्याजोगे काही नव्हते. एका बाटलीतले द्रव्य वाळून घट्ट होण्याऐवजी दोन द्रव्ये भेटून घट्ट व्हावीत, ही कल्पना लक्षात ठेवावी. आपली एपॉक्सी राळ त्याच वाटेवरची आहे.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या डी हॅव्हिलंड कंपनीने 'मॉस्किटो' हे लाकडी लढाऊ विमान बांधले. त्याचे पहिले उड्डाण २५ नोव्हेंबर १९४० चे. पुढे एकूण ७,७८१ विमाने झाली. मॉडेल विमानांचा नाद असलेल्या कोणालाही त्याची रचना पाहून घरच्यासारखे वाटेल. बाल्सा नावाचे अतिशय हलके लाकूड मध्ये आणि बर्च झाडाच्या प्लायवुडचे पातळ पत्रे दोन्ही बाजूंना, अशी त्याच्या धडाची भिंत होती. मटाराची शेंग उकलावी तसे धडाचे उजवे-डावे दोन अर्धे वेगवेगळ्या साच्यांवर करायचे आणि आतल्या तारा-नळ्या बसवून झाल्या की ते एकमेकांना चिकटवायचे. धातूची टंचाई होती, धातूचे कारागीर दुसरीकडे गुंतले होते. म्हणून हे काम फर्निचरच्या कारखान्यांत, पियानो करणाऱ्यांच्या दुकानांत गेले आणि त्यात स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. काल खुर्चीचा पाय बसवणारा हात आज ताशी चारशे मैलांच्या घरात जाणाऱ्या विमानाचा पंख चिकटवू लागला.

ही विमाने आपल्या देशातही आली. ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी ती हिंदुस्थानातल्या तळांवर होती. १९४४ च्या पावसाळ्यानंतर त्यांतली काही हवेतच मोडली. पंखाचे लाकडी आवरण आतल्या तुळईपासून सुटत होते. नोव्हेंबर १९४४ मध्ये या भागातली सगळी मॉस्किटो विमाने जमिनीवर ठेवून तपासण्यात आली. पहिला संशय केसीनच्या सरसावर, म्हणजे आपल्या उकाड्यावर आणि पावसावर गेला. कंपनीच्या बाजूने झालेल्या तपासाने सरस निर्दोष ठरवला आणि पावसाळी हवेत लाकूड हलते, त्याकडे बोट दाखवले. सरकारी तपासनिसांना मात्र कारखान्यातच जोड नीट बसले नव्हते असे आढळले. मी आयुष्यभर अपघातांचे अहवाल वाचत आलो आहे, तेव्हा एक गोष्ट सांगतो. दोष ठेवायला अहवालात तीन जागा असतात: हवा, माल आणि हात. ज्या हाताकडे बोट दाखवतात त्याला त्या जोडासाठी किती वेळ दिला होता, फळीला फळी टेकत होती की मध्ये फट होती आणि ती सरसाने भरून काढायला कोणी सांगितले होते, हे प्रश्न सहसा अहवालाबाहेर राहतात. या प्रकरणी कोण किती चुकले याचा निवाडा करायला मी बसलेलो नाही. पण सरस कितीही चांगला असला तरी फटीत तो दुबळा पडतो, हा धडा त्या विमानांनी आपल्या आकाशात मोठी किंमत देऊन शिकवला. पुढे मॉस्किटोसाठी केसीन सोडून फॉर्माल्डिहाइडचे सरस घेतले गेले.

डी ब्राइन तिकडे आणखी पुढे गेला होता. धातूला धातू चिकटवणारा 'रिडक्स' हा सरस त्याने १९४१ साली काढला. रिसर्च आणि डक्सफर्ड या दोन शब्दांची तोंडे जोडून ते नाव केले. डी हॅव्हिलंडच्या 'हॉर्नेट' विमानात १९४४ साली लाकूड आणि ॲल्युमिनियम त्याने जोडले. युद्धानंतरच्या 'कॉमेट' या जेट विमानातही तो होता. पण रिडक्सला भट्टीची उष्णता आणि दाबयंत्राचा दाब लागे. घरच्या टेबलावर, दोन कपड्यांचे चिमटे लावून ते काम होणारे नव्हते.

ते काम होऊ लागले एपॉक्सीने, आणि ती राळ शोधली गेली दातांसाठी! झुरिकच्या डी ट्रे या दंतसाहित्याच्या कंपनीत पिएर कास्तां नावाचा रसायनज्ञ होता. कवळी करायला असे द्रव्य हवे होते की जे साच्यात ओतल्यावर घट्ट होईल, पण आक्रसणार नाही. १९३८ साली त्याने अशा राळेच्या पेटंटसाठी अर्ज केला. दातांच्या धंद्यात ती चालली नाही. मग बाझलच्या सिबा कंपनीने हक्क घेतले आणि १९४६ च्या स्विस औद्योगिक जत्रेत तिचा चिकटद्रव्य म्हणून परिचय करून दिला. अमेरिकेत त्याच सुमारास सिल्व्हन ग्रीनली हा रंगाच्या कंपनीतला माणूस स्वतंत्रपणे त्याच राळेपाशी पोचला होता. त्याला रंग आणि रोगण हवे होते. युद्धानंतर थोड्याच वर्षांत डक्सफर्डची कंपनी सिबाने घेतली. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या 'ॲरल्डाइट' या नावातली ए, आर, एल ही तीन अक्षरे त्या एअरो रिसर्च लिमिटेडची आहेत. दाताचा वैद्य, रंगाचा कारखाना आणि विमानाचा हौशी, असे तिघे मिळून ते दोन नळ्यांचे खोके आपल्या घरी आले आहे.

त्या दोन नळ्यांत काय असते ते थोडक्यात सांगतो. मी रसायन शिकलो ते रात्री, युनियनच्या कचेरीत, उसन्या पुस्तकांवर, तेव्हा भाषा साधी राहील. एका नळीतली राळ लांबट कणांची बनलेली असते आणि प्रत्येक कणाच्या टोकांना एक चिमुकला त्रिकोण असतो: दोन अणू कार्बनचे, एक ऑक्सिजनचा. हा त्रिकोण वाकवलेल्या धनुष्यासारखा ताणलेला असतो. दुसऱ्या नळीत हार्डनर. त्याच्या कणांना अनेक हात असतात. ते हात त्रिकोण उघडतात आणि त्या टोकाला धरून बसतात. एक हात या कणाला, दुसरा त्या कणाला, असे करता करता सगळा गोळा म्हणजे एकच विणलेले जाळे होते. यात पाणी उडून जात नाही, वाफ सुटत नाही. म्हणून जोड फारसा आक्रसत नाही आणि दाबयंत्र लागत नाही. यातूनच मापाचे महत्त्व कळावे. हार्डनर दुप्पट घातला की काम लवकर होईल, असे मानणारे कारागीर मी पुष्कळ पाहिले. तसे होत नाही. जास्तीचे हात रिकामे राहतात, जाळे अपुरे विणले जाते आणि जोड मऊ, चिकट राहतो. डाळीत मीठ घालावे तसे अंदाजाने हे घालायचे नसते. बाटलीवर लिहिलेले माप वजनाचे आहे की आकाराचे, तेही पाहावे लागते. दोन्ही नेहमी सारखे नसतात.

मॉडेल विमानात ही राळ कुठे घालावी, यापेक्षा कुठे घालू नये हे आधी शिकावे. बाल्सा पाण्याच्या साधारण सहाव्या हिश्शाइतके हलके आणि एपॉक्सी पाण्याहून जड. पंखाच्या प्रत्येक बरगडीला ती थापली तर विमान दगड होते. तिथे फेव्हिकॉल पुरे. एपॉक्सीची जागा म्हणजे इंजिन ज्यावर बसते तो प्लायवुडचा पडदा, दोन पंख मधोमध जुळतात तो सांधा आणि चाकांची तार जिथे अडकते ती पट्टी. जिथे हिसका बसतो तिथे ती. दुसरे कारण तेलाचे. छोट्या इंजिनांचे इंधन म्हणजे मिथेनॉल आणि त्यात बहुधा एरंडेल. उडताना ते सगळ्या धडावर उडते. साधा सेल्युलोजचा लेप त्याने मऊ पडतो. नीट जमलेली एपॉक्सी त्याला दाद देत नाही. म्हणून इंजिनाभोवतीच्या लाकडाला पातळ राळेचा एक हात आतून देतात.

काम करताना हवा बघावी. उष्णता दहा अंशांनी वाढली की राळ जमायला ढोबळ मानाने निम्मा वेळ लागतो. एप्रिलमध्ये नागपूरला जी दहा मिनिटे हाताशी असतात ती डिसेंबरात नाशिकला वीस होतात. राळ जमताना स्वतःही तापते. खोल कपात एकदम पुष्कळ कालवली तर कपच तापून धूर निघतो. पसरट झाकणात, थोडी थोडी कालवावी. कडा आणि तळ खरवडत दोन मिनिटे ढवळावी. पावसाळ्यात जमलेल्या राळेवर कधी मेणासारखा चिकट पापुद्रा येतो. तो हार्डनरचा हवेतल्या ओलीशी झालेला व्यवहार. साध्या पाण्याने धुऊन, पुसून, पॉलिश पेपर फिरवल्याखेरीज त्यावर दुसरा हात देऊ नये. पाच मिनिटांत जमणारी राळ मैदानावरच्या तातडीला ठीक. इंजिनाच्या पडद्याला मात्र संथ जमणारीच घ्यावी. आणि संथ झाली तरी घरच्या उष्णतेवर जमलेली एपॉक्सी पन्नास-साठ अंशांच्या घरात मऊ पडू लागते. उन्हात बंद मोटारीत ठेवलेल्या विमानाचा पंख वाकडा झाला तर कंपनीला शिव्या देण्याचे कारण नाही.

आता दुरुस्ती. विमान पडले की मुले तुटलेली टोके घासून गुळगुळीत करतात. हे करू नये. मोडलेल्या लाकडाची दातेरी टोके एकमेकांत जशी बसतात तशी कोणतीही कारागिरी बसवू शकणार नाही. सगळे तुकडे वेचून आणावेत, काडीसुद्धा टाकू नये. राळ कालवण्यापूर्वी ते कोरडेच जुळवून पाहावेत. लाकडात तेल मुरले असेल तर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर दाबून ठेवून ते ओढून घ्यावे, मग स्पिरिटने पुसावे. तेलावर कोणतीही राळ धरत नाही. दोन्ही बाजूंना पातळ हात द्यावा, जुळवून चिकटपट्टीने धरावे, बाहेर आलेली राळ लगेच पुसून घ्यावी. खाली दुधाच्या पिशवीचे प्लास्टिक अंथरावे. त्याला एपॉक्सी चिकटत नाही, नाहीतर विमान टेबलाला जोडले जाईल. सांधा जिथे पुन्हा मोडण्याची भीती आहे तिथे काचेच्या धाग्याचे तलम कापड वरून राळेत बसवावे. चौरस मीटरला पंचवीस ग्रॅम वजनाचे कापड पुरते. कापड भिजेल एवढीच राळ हवी. उरलेली एखाद्या जुन्या पोस्टकार्डाच्या कडेने ओढून काढावी.

थर्मोकोलच्या पंखांसाठी तर एपॉक्सीला पर्याय नाही. काचधाग्याच्या कामात वापरतात ती स्वस्त पॉलिएस्टर राळ थर्मोकोलवर ओतली की तो पाण्यात साखर विरघळावी तसा विरघळतो. एपॉक्सीने त्याला काही होत नाही. गरम तारेने थर्मोकोल कापायचा, त्यावर काचेचे कापड आणि राळ चढवायची, ही रीत माणसे बसण्याच्या विमानापर्यंतही गेली. अमेरिकेत बर्ट रुटान याने १९७५ साली 'व्हेरीईझ' हे छोटे विमान साचा न वापरता फोम, काचकापड आणि एपॉक्सी यांचे केले आणि त्याचे नकाशे घेऊन हौशी लोकांनी आपापल्या गॅरेजमध्ये तशी विमाने बांधली. पेनोपासून निघालेली वाट अशी फिरून पुन्हा घरच्या टेबलाशी आली.

पण त्या गॅरेजवाल्यांतल्या काहींना पुढे राळेची बाटली उघडणेही अशक्य झाले. ज्यासाठी मी हा विषय घेतला ते इथे सुरू होते. एपॉक्सी राळ आणि तिचे हार्डनर माणसाच्या कातडीला आपले वैरी करून ठेवतात. पहिल्या दिवशी काही होत नाही, पहिल्या महिन्यातही होत नाही. मग एक दिवस बोटांच्या बेचक्यांत खाज, पुरळ, पाणी. एकदा शरीराने या द्रव्याला शत्रू मानले की तो वैरभाव बहुधा जन्मभर राहतो. मग थेंबही लागावा लागत नाही, वाफेने किंवा घासलेल्या कच्च्या राळेच्या धुळीने पापण्या सुजतात. युरोपात हे १९५० नंतरच्या दशकातच डॉक्टरांनी नोंदवून ठेवले आहे. म्हणजे राळ बाजारात आल्यावर दहा वर्षांच्या आत ही गोष्ट माहीत होती. आपल्याकडच्या बाटल्यांवर ती बारीक अक्षरांत, बहुतेक वेळा इंग्रजीत असते.

१९६५ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या एपिंग गावी लोकांना एकाएकी कावीळ होऊ लागली. चौऱ्याऐंशी माणसे आजारी पडली. शोध घेता घेता डॉक्टर पावापर्यंत पोचले, पावापासून पिठाच्या पोत्यापर्यंत आणि पोत्यापासून ते ज्या गाडीतून आले त्या गाडीपर्यंत. त्याच गाडीत रसायनाचा एक डबा सांडला होता आणि ते पोत्यात झिरपले होते. ते रसायन होते एपॉक्सीचा एक हार्डनर. ती माणसे बरी झाली. वैद्यकीय नियतकालिकात ही हकीकत छापून आली आणि आजही सांगितली जाते, कारण पाव कोणीही खातो. ज्या कारखान्यांत तो हार्डनर रोज डब्यांनी ओतला जात होता, तिथल्या हातांची हकीकत इतकी कोणी सांगत नाही.

आमच्या भागातल्या एका छोट्या कारखान्यात विजेची वेटोळी साच्यात ठेवून त्यांवर एपॉक्सी ओतण्याचे काम चाले. कारखान्याचे नाव सांगत नाही, तसे कारखाने पुष्कळ आहेत. ओतायला सहा बायका होत्या. हजेरीपटावर एकूण माणसे नऊ. दहावा माणूस कधीच नोंदला जात नसे, कारण जुन्या फॅक्टरी कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागेला दहा कामगारांची अट होती. त्या कायद्याच्या परिशिष्टात रसायनांच्या स्पर्शाने होणारा त्वचारोग नोंदवण्याजोगा म्हणून लिहिलेला होता, पण तो लागू व्हायला दहावे माणूस हवे. २०२० च्या संहितेने ही अट विसावर नेली आहे. त्या सहांपैकी एका बाईंचे डोळे सकाळी उघडेनासे झाले. घरी सांगितले, वांगी खाऊ नका. कारखान्यात सांगितले, साबण बदला. हात धुवायला दिला होता थिनर. तो कातडीचे तेल काढून टाकतो आणि राळेला आत जायची वाट मोकळी करतो. हातमोजे होते ते पातळ रबराचे, एक जोडी महिनाभर. जिल्ह्याच्या गावच्या त्वचारोगाच्या डॉक्टरांनी पाठीवर राळेची सौम्य पट्टी दोन दिवस चिकटवून ठेवली, ती काढल्यावर खाली लाल चट्टा उमटला होता. तेव्हा वांगी सुटली.

मालकाशी बोलणी तीन महिने चालली. तो वाईट माणूस नव्हता. त्याला खरोखर ठाऊक नव्हते, आणि ठाऊक झाल्यावर खर्च ठाऊक झाला. शेवटी नायट्राइलचे हातमोजे आले आणि ते दर पाळीला बदलायचे ठरले. थिनरची बाटली नळाजवळून गेली. हाताने कालवणे बंद होऊन वजनकाटा आणि फेकून देण्याचे कागदी कप आले, खिडकीत पंखा बसला. त्या बाईंना पगार न कापता पॅकिंगला घेतले. ओतण्याच्या खोलीच्या दारावरून जाताना त्या पदर नाकाला लावतात, अजूनही. बाकीच्या पाच जणींपैकी नंतर कोणाला त्रास झाला नाही. वजनकाट्याने बिघडलेला माल कमी झाला, हे मालकाने स्वतः सांगितले. पण ते माझ्या मागणीत नव्हते.

मॉडेल विमाने करणारी पोरे दिवसभर राळ ओतत नाहीत, हे खरे. एनसीसीच्या हवाई विभागातल्या, विज्ञान मंडळातल्या मुलांच्या हाताला महिन्यातून चार थेंब लागत असतील. पण कोणाचे शरीर कितव्या थेंबाला रुसेल ते आधी सांगता येत नाही, आणि सवय पंधराव्या वर्षी लागते. त्यातले एखादे पोर पुढे असल्याच एखाद्या कारखान्यात ओतायला उभे राहील. म्हणून ज्या शिक्षकांना माझे ऐकायचे असेल त्यांना सांगतो: नळी उघडण्यापूर्वी हातमोजे घालावेत, औषधाच्या दुकानातले पांढरे पातळ रबरी नव्हेत, निळे नायट्राइलचे. खिडकी उघडावी. कपात कालवायला आइस्क्रीमची काडी घ्यावी, बोट नको. राळ लागलीच तर साबण आणि पाणी, थिनर नव्हे. घासकाम करताना नाकाला मास्क लावावा आणि धूळ ओल्या फडक्याने पुसावी. कच्ची राळ घासू नये.

ती कच्ची आहे की पक्की, हे ओळखायला विमानाला हात लावण्याची गरज नाही. कालवलेल्या कपात जी थोडी उरते ती फेकू नये, विमानाशेजारीच ठेवावी. दुसऱ्या दिवशी तिच्यावर काडीचे टोक दाबावे. रुतले, तर चिमटे काढू नयेत, आणखी एक रात्र जाऊ द्यावी.